तांबूचा खोकला

काल आमच्या कुत्र्याला लस द्यायला नेलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला पाळी गावातली, माझ्या लहानपणची एक दुपार आठवली.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. दोरीवरचे कपडे धुळीने तांबडे व्हायचे, आमचा पांढरा कुत्रा तर तांबूच झाला होता. तो बाबांच्या खाटेखाली झोपायचा. खोकायला लागला तशी आई त्याला वाटीत हळदीचं दूध द्यायला लागली. ढोरांच्या डॉक्टरलाही दाखवलं. तरी तो गेला. सकाळी आम्ही त्याला माडाखाली पुरलं.

त्याच दुपारी आई आणि मी रांधणीत चुलीपाशी असताना बाबांच्या खोलीतून खोकला ऐकू आला. तोच, कोरडा, शेवटी बारीक शीळ घालणारा. आईचे हात थांबले.

"तांबू परत इलो काय गो?" तिने हळूच विचारलं.

मी जाऊन खाटेखाली वाकले. तिथे फक्त त्याची वाटी होती. पुन्हा खोकला आला, माझ्या डोक्यावरून. खाटेवर बाबा झोपले होते.

तेव्हा मी भुताला घाबरले होते. आता त्या वाटीची भीती वाटते. इतके महिने खोकला आला की आम्ही ती भरून खाटेखाली सरकवत होतो, आणि वर कुणी पाहिलंच नव्हतं.