चाळणीतले सूर्य

ग्रहण लागायला अजून तासभर होता, तरी आमच्या गल्लीने दारं लावून घेतली. भर दुपारी लातूरच्या बाजाराला लागून असलेल्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. जिल्हा होणार, जिल्हा होणार म्हणून एरवी हॉटेलात बसून घसा कोरडा करणारे पुढारीही घरात तोंड लपवून बसले होते. मला सातवा महिना होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आतल्या खोलीची खिडकी पोत्यानं झाकली आणि फर्मावलं, "सरळ पडून राहा. हातपाय मुडपू नको, काही चिरू नको. लेकराचा व्हट फाटंल."

"आत्याबाई, मी बाहेर बसणार आहे," मी म्हटलं.

माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. या वेळी काही वाईटवकटं झालं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण आठवडाभर शाळेत मी पोरांना फळ्यावर चंद्र-सूर्य काढून दाखवले होते. सूर्याकडे डोळे लावू नका, चाळणी धरा, खाली सूर्य दिसेल, असं बजावलं होतं. आता बाईच पोत्याआड लपल्या तर पोरांनी कुणाचं खरं मानायचं?

शिवाय आभाळाशी माझं नातं शाळेच्या आधीचं. माहेर माझं देगलूरकडचं. मोठ्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि मी बाजूला बसून धाकट्या बहिणीला सांभाळायची. सगळी माणसं वर बघायची ती ढगासाठी, आणि ढग दिसला नाही की आभाळाला शिव्या घालायची. मला मात्र ते रिकामं आभाळ आवडायचं. तसं बोलले असते तर मार बसला असता. आमच्या गावात पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, मसणवटासुद्धा वेगळा. आभाळाला तेवढं कुणाला कुंपण घालता आलं नव्हतं. दिवस बुडताना खडीच्या ढिगाला टेकून मी पहिली चांदणी शोधायची. वाटायचं, ही जितकी पाटलाची तितकीच माझी, आणि माझ्याकडून ती कुणाचा बाप काढून घेणार नाही. पुढे बरंच काही हातचं गेलं, हा हक्क मी सोडला नाही.

ग्रहण लागलं तशी मी उठले. आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लई शिकलीस म्हणून लेकराच्या जिवाशी खेळायलीस का?"

माझंही डोकं फिरलं. "घरातले देव तुम्ही आपल्या हातानं नदीत सोडले. मग राहू-केतूला कशाला ठेवून घेतलं?"

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि सांगू लागल्या. लहानपणी ग्रहण सुटताना त्या आईबरोबर गल्लोगल्ली फिरायच्या, 'दे दान, सुटे गिराण' ओरडत. ग्रहणाचं दान आमच्याच लोकांनी घ्यायचं, अशी रीत. लांबून पदरात टाकलेली ज्वारी, एखादं जुनेर, आणि त्याच्यासोबत दुसऱ्याच्या घरची इडापिडा. बौद्ध झालो तेव्हा ते मागणं बंद झालं. "मागणं सुटलं पोरी," त्या म्हणाल्या, "भ्याव सुटलं न्हाई."

"मग ते भ्याव ज्याचं त्याला परत करू," मी म्हटलं. स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी घेतली आणि त्यांच्या बाजूनं वाट काढून अंगणात गेले.

बाहेर ऊन होतं, पण त्यातला जीव गेला होता. चिमण्या कलकलत लिंबावर परतत होत्या. मी दगडावर बसले, नजर खाली ठेवली आणि चाळणी डोक्यासमोर उन्हात तिरपी धरली. माझ्या मांडीवर, पोटावर, जिथं तिथं इवल्या इवल्या कोरी उमटल्या. प्रत्येक भोकातून एकेक अर्धा खाल्लेला सूर्य माझ्या लुगड्यावर उतरला होता. आत बाळानं लाथ मारली तसे ते सगळे हलले. मला रडू आलं. आयुष्यभर मला कुठं ना कुठं बाहेर ठेवलं गेलं होतं, आणि एवढा मोठा सूर्य न विचारता माझ्या पोटावर येऊन बसला होता. या जगात मी पाहुणी नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

उजेड परत आला तशी समोरच्या किराणा दुकानदाराच्या बायकोनं खिडकी उघडली. जुन्या सवयीनं आत्याबाईंना हाक मारली, "अगं म्हातारे, सुपात ज्वारी काढून ठेवलीय, घेऊन जा की." दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत उभ्या असलेल्या आत्याबाईंनी काही न बोलता दार लोटून घेतलं. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला फार राग आला.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. ओठ धड, हातपाय धड. पण डाव्या खांद्यावर पावलीएवढा काळा डाग. असे डाग कितीतरी लेकरांना असतात हे मला माहीत होतं, तरी मी तो बोटानं पुसून बघितला. बाळ बघायला बाया आल्या, त्यात ती दुकानदारीणही होती. तिनं दुपटं बाजूला सारलं आणि चुकचुकली, "बघा, गिराणाचा डाग! आईनं ऐकलं न्हाई ना." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी लेकरू उचलून छातीशी धरलं.

"हाव, गिराणाचाच हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही समदे दारं लावून बसला व्हता, तवा माझी नात सूर्य बघून आली. आन् पुढच्या गिराणाला सूप भरून ठिवू नका. आमच्या घरात घेणारं कोणी न्हाई."