चिंचोक्यांचा डबा

मी खोटा डबा भरला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर जेव्हा जेव्हा सांगायला बसलो, तेव्हा उन्हाचं, चुलतभावांचं, माझ्या कोवळ्या वयाचं निमित्त पुढं करत गेलो आणि मूळ गोष्ट मागंच राहिली. चिंचोक्यांनी गच्च भरलेला एक डबा होता, आणि तळाचे दहा-बारा सोडले तर त्यातला एकही चिंचोका खरा नव्हता.

निजामी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. नळदुर्गला मामांकडं राहून मी सातवीत शिकत होतो. आमची शाळा उर्दूची मराठी झाली होती. उर्दू-फारसी शिकवणारे बाकीचे मास्तर कुठं कुठं निघून गेले, एक मास्तरसाब तेवढे राहिले. त्यांना तबला येत होता, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना गाण्या-वाजवण्याचा तास दिला होता. पण तो तात्पुरता. जूनमध्ये तपासणीचे साहेब येणार, मुलांचं वाजवणं ऐकणार आणि मग ठरणार, की तास ठेवायचा का मास्तरसाबांना घरी पाठवायचं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

शाळेत तबल्याची एकच जोडी. शिकणाऱ्यांत जरा बरे वाजवणारे आम्ही दोघं, मी आणि सुतारांचा एक मुलगा. हात त्याचा चांगला होता. पण सुट्टीत मला न्यायला घरची बैलगाडी येणार होती, गावी जोडी ठेवायला जागा होती, म्हणून ती मला मिळाली. तो म्हणाला, "मी पाटावर वाजवीन की, मास्तरसाब."

मास्तरसाबांनी आम्हा दोघांना पत्र्याचा एकेक रिकामा डबा दिला. त्यांच्या उस्तादांची रीत होती ती. नेमून दिलेला पाठ सावकाश सुरू करायचा, दुपटीत न्यायचा, परत सावकाश आणून थांबवायचा. असं दहा वेळा न चुकता झालं की एक चिंचोका डब्यात. मध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"अन् मोजायला कोण येणार?" मी विचारलं.

"कोणच न्हाय," ते हसून म्हणाले. "माझे उस्ताद कधी आले न्हाईत, मी बी येणार न्हाय. तुझा रियाज, तुझा डबा. दीड महिन्यात हात असा तयार व्हायला पायजे, की साहेब खुर्चीवरनं उठू नये."

गावी पहिले चार दिवस मी खरोखर वाजवलं. पाचव्या दिवशी परगावचे चुलतभाऊ आले. थोरला उंबऱ्यात उभा राहून माझ्याकडं बघत राहिला.

"काय रं, फडात नाव घातलंस का? कुठल्या जत्रंला हाय पहिला खेळ?"

धाकटा म्हणाला, "नाच्या कोण हाय मग? ह्यो, का ह्येचा मास्तर?"

चुलती सोप्यात चिंचा फोडत बसली होती. तीही हसली. "वाजवू द्या की लेकराला. तुमच्या लग्नाला वाजंत्री तरी सांगावं लागायचं न्हाय."

मी तबल्यावर गोधडी टाकली आणि जोडी कणगीमागं सारली.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की त्या थट्टेनं माझा रियाज सुटला. पण चुलतभाऊ आठ दिवसांत निघून गेले. त्यानंतर महिना होता. दुपारी घरातली माणसं झोपलेली असत, कुणाला माझ्या वाजवण्याशी देणंघेणं नव्हतं. मी विहिरीत पोहत होतो, आंबे खात होतो, विटीदांडू खेळत होतो. एकदा गोधडी उचलून बघितलं. उन्हाच्या तापानं तबल्यावरची पुडी ताणली होती, बोट मारलं तर कसनुसा आवाज आला. पुन्हा झाकून ठेवलं. मला कुणीही अडवलं नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडीला बैल जुंपत असताना डब्याची आठवण झाली. चुलतीच्या फोडलेल्या चिंचांचे चिंचोके कोपऱ्यात ढिगानं पडले होते. मी ओंजळीनं डबा भरायला लागलो.

"कशाला रं एवढे?" चुलतीनं विचारलं.

"खेळायला."

डबा जड झाला. मला वाईट वाटलं, असं लिहायला आवडलं असतं. वाटलं नाही. उलट काम उरकल्यासारखं हलकं वाटलं.

शाळेत सुतारांच्या मुलाचा डबा निम्मासुद्धा भरला नव्हता. माझा काठोकाठ. मास्तरसाबांनी मोजले नाहीत. नुसता हात आत घालून चिंचोके बोटांतून सोडले आणि म्हणाले, "शाबास, बेटा." वाजवून दाखव म्हणाले तेव्हा मी चिंधी बांधलेलं बोट पुढं केलं, गाडीच्या दांडीखाली सापडलं म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. बोट जप. साहेबापुढं तूच बसायचं."

सुतारांचा मुलगा माझ्या डब्याकडं बघत म्हणाला, "व्हय. त्येनं लई मेहनत केलीया."

तीन दिवसांनी साहेब आले. मी सावकाश सुरुवात केली. दुपटीत जायला लागलो आणि दोन्ही हात एकमेकांना सोडून पळाले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच अडकलो. तिसऱ्या वेळी मागं मुलं हसली. सुतारांचा मुलगा पुढं सरकला होता, त्यानं बाह्याही मागं सारल्या होत्या, पण साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं होतं.

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "सुट्टीत काही केलंस का नाही?"

खरं बोलायला एवढी जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी म्हणालो, "केलं, सर. रोज केलं, डबा भरून. मास्तरसाबांनी शिकवलं तसंच केलं."

मास्तरसाब आधी माझ्याकडं बघत राहिले, मग खाली. म्हणाले, "बराबर हाय, साहेब. पोरानं मेहनत केलीया. माझंच शिकवणं कमी पडलं."

तास बंद झाला. पंधरा दिवसांत मास्तरसाब नळदुर्ग सोडून गेले. सुतारांच्या मुलानं पुढच्या वर्षी शाळा सोडली आणि रंधा हातात घेतला. मी पास होत गेलो आणि पुढं स्वतःच मास्तर झालो. सुट्टीचा अभ्यास न करता आलेल्या पोरांच्या हातावर मी छडी मारली आहे, हेही इथं लिहून ठेवतो.

बारा वर्षांनी मामांकडून कळलं, की मास्तरसाब उमरग्याला मालवाहतुकीच्या एका कचेरीत पावत्या लिहितात. मी गेलो. हमरस्त्याला लागून पत्र्याची खोली, दारात ट्रक उभे. ड्रायव्हर त्यांना मुन्शीजी म्हणत होते. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला.

"वाजवतोस का?"

"नाही."

"मी बी न्हाय. शिकवणं तर त्याच दिवशी सोडलं. इथं दोघं-तिघं आले शिकायला, वापस पाठवले. दीड महिना रोज बसून पोराच्या हातात काय उतरलं न्हाय, मग सांगणाऱ्यातच खोट हाय की. लई इचार केला मी, कुठं चुकलो म्हणून. अजून समजलं न्हाय."

मी त्यांच्या नोकरीबद्दल माफी मागायला गेलो होतो. हे दुसरं मला ठाऊकच नव्हतं.

"मास्तरसाब, तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो, पण तेवढ्यात दारातला ट्रक सुरू झाला.

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणालास? मोठ्यानं बोल."

पावतीसाठी थांबलेले चार-पाच ड्रायव्हर आमच्याकडं बघायला लागले. मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "मी वाजवलंच नव्हतं, मास्तरसाब. चार दिवस वाजवलं, बाकीचा डबा घरच्या ढिगातून भरला. बोटालाही काही झालं नव्हतं. साहेबांपुढं मी खोटं बोललो आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. तुमच्या शिकवण्यात खोट नव्हती, खोटा मी होतो. मला माफ करा."