बारा ग्लासांचा नुसता वास

मी आयुष्यात व्हिस्कीचा एक थेंबही चाखलेला नाही, आणि हे मला शुक्रवार पेठेतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन पुन्हा पुन्हा सांगावं लागलं आहे.

याला जबाबदार आमचे हे! (नाव घेत नाही. राग आला की मी उखाण्यातसुद्धा नाव घेत नाही.) रेल्वेतून रिटायर झाले आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाद लागला. बरं, काढायचे तर देवळांचे काढावेत, हुरड्याचे काढावेत. नाही! हे हिंडणार व्हिस्कीच्या छोट्या छोट्या कारखान्यांतून. मला सांगायचे, "मित्राच्या साठीला चाललोय." एका वर्षात चार मित्रांची साठी झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बरं, स्वतः पीतही नाहीत. डॉक्टरांनी पिऊ नका म्हणून सांगितलंय, "बघू नका असं कुठं म्हणालेत?" हा यांचा मुद्दा.

माझा धंदा कडक भाकरीचा. घरातच पाच बायका भाकरी थापायला येतात, आणि मठातल्या मोठ्या जेवणाची ऑर्डर दरवर्षी आमच्याकडेच. तर एके सकाळी हे अगदी गोड आवाजात म्हणाले, "अगं, होटगीच्या बाजूला एक नवा कारखाना निघालाय. ज्वारीचा. मालकीण बाई आहे, शिकलेली. येतेस का? धंद्याची ओळख होईल."

ज्वारीचा कारखाना म्हणजे पोहे, रवा, बिस्किटं! मी इरकल नेसले, कपाळाला ठसठशीत विभूती लावली, दोन डबे भाकरी आणि शेंगाचटणी घेतली आणि स्कूटरवर मागं बसले.

फाटकातच भपकारा आला.

"हा वास कसला?"

"ज्वारी भिजत घातलीय."

"भिजली नाही, आंबलीय! आणि हे तांब्याचं एवढं मोठं भांडं? ह्यात काय शिजतंय?"

हे आभाळाकडे बघायला लागले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. हे आभाळाकडे बघायला लागले की खाली काहीतरी भयंकर असतं.

"अहो, ही दारूची भट्टी आहे!"

"भट्टी नाही गं, व्हिस्की आहे. परवान्याची."

"स्कूटर फिरवा!"

"पाच मिनिटं शूटिंग..."

"फिरवा म्हणते ना!"

पण हे मोबाइल वर धरून आत पळालेसुद्धा! साठीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून दळण आणायला जात नाही, आणि तिथं हरणासारखा पळाला! मी रागानं लाल होऊन गोदामाच्या पायरीवर, कारखान्याकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात मालकीण आली. शिल्पा तिचं नाव. अक्कलकोटकडची, वयानं माझ्या लेकीएवढी. "बर्री अक्का, आत बर्री! उन्हात का बसलाय? पाणी देऊ?"

"तुमच्या हितलं पाणीसुद्धा नको!" मी म्हणाले. तोंड फिरवलं, तर समोर ज्वारीची पोती. आणि माझा सगळा राग त्या पोत्यांकडे वळला. (ह्यांच्यावर राग काढायचा तर ह्यांच्यामागं पळावं लागलं असतं.) एक मूठ उचलून नाकाशी धरली. "ही ज्वारी कुणी दिली तुला? पावसात भिजलेली आहे ही! कुबट वास येतोय. ह्याची मी भाकरी नाही करायची, आणि तू लोकांना पाजतेस?"

पोरीचं तोंड उतरलं. "अक्का, तीच तर अडचण हाय. असल्याच ज्वारीचा एक घाणा चुकून झाला. बारा पिंपांतल्या एकात तो हाय, पण कुठल्या, ते आमच्या कुणाला कळंना. उद्या सगळी पिंपं एकत्र करायचीत. तसंच झालं तर सगळी वर्षाची मेहनत गेली. तुमी नुसता वास घ्याल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षं ज्वारीत हात घातलेल्या बाईला कुणी ज्वारीचं विचारलं की तिचं डोकं थाऱ्यावर राहत नाही.

बारा ग्लास टेबलावर आले. मी एकेकात नाक घातलं. हे जरा करपट. हे गुळासारखं. ह्याला ओल्या लाकडाचा वास. नवव्याला मी टेबलावर थाप मारली, "हे बघ! ह्यात ओलं पोतं हाय!" शिल्पानं वास घेतला, तिच्या कामावरच्या माणसानं घेतला, आणि पोरीनं मला मिठीच मारली. मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "ते चौथं परत आण गं, लई छान होतं!"

हे कुठल्या कोपऱ्यात मोबाइल धरून उभे होते, देवाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्ष गौराक्कांचा फोन. "महादेवी, तुझा व्हिडिओ बघितला." एवढंच बोलून फोन बंद!

मी यांचा मोबाइल हिसकावला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पोती नाहीत, कुबट ज्वारी नाही, "नुसता वास घ्याल का" नाही. आहे काय? इरकल, विभूती, भुवयांपर्यंत ग्लासात घुसलेलं माझं नाक, आणि माझा आवाज: "हे बरंय. पुढचं आण. ते चौथं परत आण गं, लई छान होतं!"

"अहो, बाकीचं कुठं गेलं?"

"लांब व्हिडिओ कोण बघतंय गं?"

"आत्ताच्या आत्ता काढून टाका!"

"काढला की कालच. पण लोकांनी पुढं पाठवलाय, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी पाचातल्या तीन बायका कामाला आल्या नाहीत. मठातून निरोप आला, "यंदाच्या भाकरीचं विचार करून कळवतो." मी यांच्यापुढं ताट असं आपटलं की शेजारच्यांनी भूकंप झाला का म्हणून विचारलं.

संध्याकाळी मंडळाच्या सभेत मी तशीच पेटलेली गेले. मी दारू ओळखतही नाही, हे पटवायला चाळीस मिनिटं बोलले. ज्वारीला मोड कसे आणतात, ती किती आंबवतात, तांब्याच्या भांड्यात दोनदा कशी उकळतात, पिंपात रंग कसा चढतो, चौथ्यात आणि सातव्यात फरक काय, शिल्पाकडून कळलेलं सगळं सांगितलं.

गौराक्कांनी चष्मा काढला. "एवढी माहिती न पिता?"

"न पिता! नुसत्या नाकानं!" मी ओरडले.

मग मागनं एक बारीक आवाज आला, "तितं बायकांना आत सोडतात का हो?"

"मालकीण बाईच हाय म्हणल्यावर सोडतीलच की," दुसरी म्हणाली. आणि मग जो गलका झाला! दहा मिनिटांत मंडळाची यंदाची सहल होटगीला ठरली. यादीत पहिलं नाव गौराक्कांचं. आणि मठाच्या जेवणाचं काम त्यांच्याच यजमानांकडे असल्यामुळं भाकरीची ऑर्डरही जाता जाता पक्की झाली. माझ्या तिन्ही बायका सकाळी हजर. त्यांचीही नावं यादीत!

मला तर आणखीनच संताप आला. पेठेतल्या एवढ्या शहाण्यासुरत्या बायका, आणि दारूचा कारखाना बघायला निघाल्या! मी सगळ्यांच्या तोंडावर ठणकावून सांगितलं, मी असल्या सहलीला मेले तरी येणार नाही.

होटगीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली होती, तरी उन्हानं जीव नकोसा झाला.