खिशावरची पट्टी

चाळीस वर्षं हाताने कापड बेतणारे मास्तर तयार कपड्यांच्या कारखान्यात रुजू झाले. तिथे कापड बेतायचं काम संगणक करायचा. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांच्या हातात एक पिन आणि कापडी पट्टी ठेवली. पट्टीवर इंग्रजीत छापलं होतं, ‘निओफाइट’.

मास्तर चक्रावले. हा हुद्दा म्हणायचा की कारखान्याचं नाव? शेजारच्या मशीनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मोठंच काहीतरी असणार. मला कुठे दिलीय?”

मास्तरांची छाती फुगली. पण चांगल्या शर्टाला पिन टोचणं त्यांच्या जिवावर आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पट्टी चारी बाजूंनी बारीक टाके घालून खिशावर शिवूनच टाकली.

घरी सुनेने शब्दकोश उघडला आणि तोंडाला पदर लावला. “बाबा, नवशिका! नुकताच शिकायला आलेला!”

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. सून कात्री घेऊन आली. दोघांनी उजेडात शर्ट उलटसुलट करून पाहिला, पण टाक्याचं टोक काही सापडेना.

“राहू दे ती कात्री,” मास्तर वैतागून म्हणाले. “उद्या साहेबालाच उसवायला सांगतो.”