शेकोटीपाशी ऐकू येणारा माणूस

भर मे महिन्यात, कारखान्याच्या दारात उभं राहून, बनियन पिळता पिळता तो हवेत तळहात धरायचा आणि म्हणायचा, "यंदा थंडी जाम पडनार हाय." समोर डांबर वितळून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला ओढून घेत असायचं. याचा तळहात मात्र गारवा मोजत असायचा.

आता भिवंडीची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. मंगळवारी येते, बुधवारी चहा पिते आणि गुरुवारी ठाण्याला निघून जाते. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली, तरच शुक्रवारपर्यंत थांबते. एवढ्यासाठी हा माणूस वर्षभर लाकडं साठवायचा. मागाचे तुटके धोटे, खोक्यांच्या फळ्या, कुणाच्या तरी पलंगाचा पाय. टेमघरच्या त्याच्या अंगणातला ढीग घरापेक्षा उंच झाला होता. एकदा पोस्टमन त्या ढिगालाच घर समजून फळ्यांत पत्र खोचून गेला.

आम्ही एकाच यंत्रमागाच्या कारखान्यात. मी लूम चालवायचो, तो बिघडलेले लूम दुरुस्त करणारा मास्टर. तीस वर्षांच्या खडखडाटात त्याचे कान पार गेले होते. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याने ते कधी कबूल केलं नाही. लूमवर हात ठेवून तो त्याचं दुखणं ओळखायचा आणि माणसांचे ओठ वाचायचा. ओठ तर आम्ही सगळेच वाचायचो, त्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. शेठ काचेच्या केबिनमध्ये फोनवर काय बोलतोय, हे पलीकडच्या व्यापाऱ्याच्या आधी आम्हाला कळायचं.

घरी मात्र पंचाईत. ट्यूबलाइटखाली माणसं टीव्हीकडे नाहीतर मोबाइलकडे तोंड करून बोलतात. हा आपला अंदाजाने "हां, बरोबर" म्हणायचा. एकदा बायकोने विचारलं, भाजी कुठली आणू? हा म्हणाला, हां, बरोबर. त्या दिवशी त्यांच्याकडे भाजी झाली नाही. कानाचं मशीन घ्या म्हटलं की उलट ऐकवायचा, "माझे कान चांगले हायत. तुम्हीच हळू बोलता."

शेकोटीभोवती मात्र माणसं समोरासमोर बसतात. चेहऱ्यावर उजेड असतो, मोबाइल खिशात असतो, आणि कुणाच्या तोंडाकडे टक लावून बघितलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. तिथे त्याला सगळं ऐकू यायचं. त्यातून गणेशपुरीजवळच्या गावात दिलेली त्याची एकुलती एक मुलगी भाताची झोडणी उरकली की थंडीतच माहेरी यायची. फोनवरचं तिचं एक अक्षर त्याला कळत नसे. वर्षभराचं बोलणं तो त्या चार-पाच संध्याकाळींत तिच्या ओठांवरून गोळा करायचा. थंडी थंडी म्हणून मे महिन्यापासून जप चालायचा तो यासाठी.

एका वर्षी मुलगी आली आणि थंडी आलीच नाही. डिसेंबर सरत आला तरी गल्लीत पंखे गरगरत होते. मुलीला बापाला काहीतरी सांगायचं होतं. आईला सांगून झालं होतं, पण बाबांना मीच सांगणार, असा तिचा हट्ट. आता घरात त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे अख्ख्या टेमघरला सांगायचं. ती गोष्ट ओरडण्यातली नव्हती. दोन दिवस ती नुसती त्याच्या मागेपुढे फिरत राहिली. हे सगळं मला नंतर त्याच्या बायकोने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याने अंगणात शेकोटी पेटवलीच. अंगात असा स्वेटर की त्यात शिरलेली कसर उष्माघाताने मरावी. डोक्यावर कानटोपी. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्डीचा पाला भरून पोपटी लावली. वास सुटल्यावर गल्ली घरात थांबते होय? आम्ही दहा-बारा लूमवाले घाम पुसत येऊन बसलो. उत्तर प्रदेशातला आमचा एक जोडीदार म्हणाला, "मास्टर, ये ठंड है?"

"आ रही है," तो म्हणाला, "रस्ते में है."

मडकं फोडलं, शेंगा वाटल्या. सोलता सोलता मुलीने समोर बापाकडे बघितलं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. तिला बिचारीला वाटलं, आवाजच नाही तर ऐकणार कोण. आणि बसली होती कुठे, तर डझनभर लूमवाल्यांच्या मधोमध.

"बाबा, तुम्ही आजा होनार."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती तिच्या. तीन महिने भरल्याशिवाय बाहेर बोलायचं नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाटीवर लिहिल्यासारखं वाचलं. मी जन्माचा चोंबडा. शेजारच्या म्हशीला शिंक आली तर मी तालुक्याला कळवतो. पण मी मान वळवली. बघतो तर कुणी आभाळ निरखतोय, कुणी स्वतःची चप्पल, आणि तो जोडीदार अर्ध्या बटाट्याकडे असा बघत होता, जणू त्यावर त्याच्या गावाचा नकाशाच काढलाय.

तो मात्र तिच्या तोंडाकडेच बघत होता. मग कारखान्यातल्या आवाजात म्हणाला, "परत बोल."

तिने परत ओठ हलवले. त्याने कानटोपी काढून तोंड पुसलं. धूर जाम झालाय, म्हणाला. धूर सगळा आमच्या बाजूला येत होता.

महिना-दीड महिन्याने तो एकेकाला कोपऱ्यात घेऊन बातमी सांगत फिरला. आम्ही बाराही जण बारा वेळा थक्क झालो. जोडीदार तर थक्क होताना स्टुलावरून पडला.

पुढे कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले. मुलीच्या गावात खोली घेऊन नवराबायको तिकडे राहायला गेली. टेम्पोच्या पहिल्या खेपेत लाकडं गेली, भांडीकुंडी दुसऱ्या.

गेल्या जानेवारीत एसटीने जाऊन आलो. तिकडे थंडी खरीच पडते. अंगणात शेकोटी होती आणि तीन वर्षांची नात होती. आईशी, आजीशी, माझ्याशी ती गाव गोळा होईल एवढ्या मोठ्याने बोलत होती. मग ती त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली, दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि नुसते ओठ हलवले.

"आजा, लाकूड टाक."

त्याने लाकूड टाकलं.