हर्डल या शब्दाचा अर्थ

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला विलायतेतून मागणी आली. त्याच सुमारास मी पुण्याहून अमरावतीला दुभाषा म्हणून आलो. इंग्रजी बेताचंच येत होतं; पण अडलेला शब्द कुणाला विचारायची लाज वाटे.

कापसाच्या मैदानात उघड्यावर गंज्या लागत आणि सरकीच्या ओढीने मोकाट गुरं त्यांत तोंड घालत. आमच्या कचेरीच्या गोऱ्या साहेबांनी इंग्रजीत हुकूम लिहिला की मैदानाभोवती हर्डल उभे करावेत. हा शब्द मी पुण्याहून येताना वाटेत अकोल्यात ऐकला होता. तिथे गोरे शर्यतीत घोडे उडवत, आणि घोड्यापुढच्या अडथळ्याला हर्डल म्हणतात, असं एका शिपायाने सांगितलं होतं. मी कोश न उघडताच मराठीत लिहिलं, ‘अडथळे उभे करावेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या चारही वाटांवर बाभळीचे ओंडके आणि दगड पडलेले. दर्यापूरकडून आलेल्या गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत गेली होती. गाडीवान बिड्या ओढत बसले होते. गुरं मात्र ओंडक्यांना वळसा घालून आत शिरली होती.

साहेब आले. हुकूम मराठीत कोणी केला, असं त्यांनी विचारलं. मी पुढे झालो. ते रागावले नाहीत. त्यांनी छडीने धुळीत चित्र काढलं, उभ्या काटक्या आणि त्यांत आडव्या विणलेल्या. तरी मला उमगेना.

भाजीची पाटी घेऊन खोळंबलेली एक माळीण वाकून पाहत होती.

“हे तं ताटी व्हय,” ती म्हणाली. “बकऱ्यायनं वांगे खाऊ नये म्हून आमी तुराट्यायची इनतो.”

मी साहेबांना सांगितलं. ते हसले. त्यांच्या गावी मेंढ्या कोंडायला हीच ताटी लावतात आणि शर्यतीत घोडे तिच्यावरूनच उडवतात, म्हणाले.

मी गाडीवानांसमोर कबूल केलं, “चूक माझी. मला शब्द ठाऊक नव्हता.”

माळणीने शांतपणे विचारलं, “मंग इचारलं काहून नाई?”

 मी ओंडके हटवायला हात लावला. दुपारी त्या बाईने माळीपुऱ्यातल्या बायका आणल्या आणि ताट्या विणायला घेतल्या. कचेरीत परतल्यावर मी कोश उघडला. पहिलाच अर्थ ताटी असा दिलेला होता. दुरुस्त केलेला हुकूम मी स्वतः मैदानात वाचून दाखवला.