खोक्याच्या आतलं खोकं

आलेलं खोकं उघडण्याआधी मी ते कानाशी धरून हलवते. आतून खडखड ऐकू आली की माझं डोकं सणकतं. चप्पल, डाळ, स्टीलचे डबे, काय वाट्टेल ते खडखडू दे. हार्ड डिस्क खडखडता कामा नये. तिच्या पोटात एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्या अगदी जवळून, पण न टेकता, एक बारीक दांडी हिंडत असते. जोराचा धक्का बसला की खेळ खलास. हे विकणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असूनही ते ती पिशवीत कोंबून पाठवतात, याचाच मला राग येतो.

ही सवय लागली ती मढला एका बंगल्यात चाललेल्या सिरीयलच्या सेटवर. आम्ही मढचेच कोळी. बाबा बोटीवर, आई मासे विकते, आणि मी घरातली पहिली, जिने मासळीला हात न लावता पगार मिळवायचं ठरवलं. कॅमेऱ्यातली कार्डं घ्यायची, त्यातलं शूटिंग हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि ती डिस्क अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओत पोचवायची, हे माझं काम. नव्या डिस्क ऑनलाइन मागवणंही माझ्याकडेच. नोकरी अजून कच्ची होती. थोडे दिवस बघू, मग पक्कं करू, असं प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला होता, आणि तो रोज बघत होता.

डिस्क कशा कशा येत, ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. एक आली ती गाऊन येतो तसल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकदा इतकं मोठं खोकं आलं की सेटवरच्या लोकांना वाटलं मिक्सर आला. आत एका कोपऱ्यात डिस्क आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवा भरलेली एकुलती एक पिशवी, दोघांची ओळखदेख नसावी अशी. एका पार्सलवर ‘नाजूक वस्तू’ असं लाल स्टिकर होतं, वर फुटक्या ग्लासचं चित्र होतं, आणि आणणाऱ्याने ते बंगल्याच्या फाटकावरून आत टाकलं. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आत कुत्रा आहे.” कुत्रा झोपला होता. मी रागारागाने रिव्ह्यू लिहायचे. उत्तर यायचं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

आईने एकदा ते मिक्सरएवढं खोकं बघितलं. आत हात घालून चाचपत राहिली. “येवऱ्या मोठ्या खोक्यान येवरीशी चीज? आमी पापलेट असा दिला त गिऱ्हाईक तोंडावर मारंल,” ती म्हणाली. मला एकदम बरं वाटलं. सेटवर माझी कटकट ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

एका दुकानाचं मात्र मला कौतुक वाटलं. त्यांचं खोकं हलवलं तर आवाजच नाही. मला वाटलं रिकामंच पाठवलं. उघडलं तर आत दुसरं खोकं, आणि ते दोन्ही बाजूंनी फोमच्या खाचांत असं बसवलेलं की बाहेरच्या खोक्याच्या एकाही भिंतीला टेकत नव्हतं. त्याच्या आत दाबून बंद होणारी जाड, अर्धवट आरपार दिसणारी चंदेरी पिशवी, पिशवीत डिस्क आणि सोबत ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी. कुठेतरी, कुणीतरी, माझं तोंडही न बघता, हे नीट विचार करून भरलं होतं. मी ते खोकं टाकलं नाही. स्टुडिओत जाणारी डिस्क त्यातूनच न्यायला लागले. वर्सोव्याची बोट धक्क्याला आपटते, पुढे रिक्षा खड्ड्यांतून आपटते, म्हणून आईची एक जुनी थर्माकोलची पेटी धुऊन घेतली आणि ते खोकं तिच्यात ठेवायला लागले. युनिटमधले विचारायचे, “आज काय, सुरमई की पापलेट?” विचारू देत.

मला सांगायची ती गोष्ट मे महिन्यातली. सिरीयलमध्ये आजीचं काम करणाऱ्या बाई काम सोडून मुलीकडे परदेशी जाणार होत्या. त्यांचा शेवटचा सीन सकाळी लावला होता आणि संध्याकाळी त्यांचं विमान होतं. सीन असा झाला की कॅमेऱ्यामागचे लोकही डोळे पुसत होते. दिग्दर्शक म्हणाला, “झकास! परत घ्यायचा नाही.” परत घेताच आला नसता.

माझ्याकडे नियम असा की दोन डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. पहिली डिस्क भरली. दुसरी आदल्या दिवशीच आलेली, नवीकोरी, पुन्हा त्या गाऊनवाल्या पिशवीतून. लावली तर आतून टक् टक् असा आवाज, आणि पुढे काही नाही. आली तीच मेलेली आली होती. तेवढ्यात मॅनेजर येऊन उभा. दुसऱ्या युनिटला शूटिंगसाठी तीच कार्डं पुसून हवी होती.

“सर, एकच कॉपी आहे. थोडं थांबा ना.”

“डिस्क मागवणं कुणाचं काम आहे? तुझं ना? दे इकडे.” त्याने कार्डं नेली. “आणि हे बघ, ती पोचली नाही तर उद्या येऊ नकोस.”

म्हणजे त्या बाईंचा सीन आणि माझी नोकरी, दोन्ही एकाच डिस्कवर आलं. मी ती चंदेरी पिशवीत घालून दाबून बंद केली, खोक्यात खोकं घातलं, पेटीत ठेवलं आणि जेट्टीवर गेले. ऊन असं होतं की लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. आई तिथे होतीच, दुपारच्या बोटीने ती वर्सोव्याला मासे घेऊन जाते. बायकांची बर्फावरून भांडणं चालली होती. मी पेटी आईच्या पेटीशेजारी ठेवली आणि बाजूला जाऊन स्टुडिओत फोन लावला. एडिटरला सगळं सांगितलं. एकच कॉपी आहे, हा सीन परत मिळायचा नाही, आणि ऊन इतकं आहे की मला भीती वाटतेय, कारण डिस्क तापली की मरते. घाबरले की माझा आवाज चढतो. अर्ध्या जेट्टीने ते ऐकलं असेल.

बोट लागली तेव्हा आईने दोन्ही पेट्या स्वतःच उचलल्या. “तू नुस्ती चल गो बाय,” म्हणाली. वर्सोव्याला उतरल्यावर माझी पेटी तिनेच रिक्षात सीटवर ठेवली, झाकण दाबलं आणि बाजाराकडे गेली.

अंधेरीच्या अलीकडे सिग्नलला रिक्षा थांबली आणि माझ्या पायावर गार पाणी टपकलं. आधी काही कळलंच नाही. मग झाकण काढलं. पेटी काठोकाठ बर्फाच्या चुऱ्याने भरलेली, आणि माझ्या लाडक्या खोक्याचा एक कोपरा तेवढा वर दिसत होता, भिजून काळा पडलेला.

मी आईला फोन लावला. ती खुशीत होती. “मीच टाकलाय बर्फ. तूच बोल्लीस ना, तापली का मरते.”

त्यावर मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. पण “माझ्या नोकरीची वाट लावलीस” हे त्यातलं सौम्य वाक्य होतं. पलीकडून बाजाराचा आवाज येत राहिला आणि मी फोन कापला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि न सांगताच रिक्षा पळवली.

एडिटर मुलुंडचा, शांत माणूस. पेटी बघून तो आधी हसला, मग माझं तोंड बघून टेबल मोकळं करायला लागला. बाहेरचं खोकं हातात घेताच फाटलं. फोम ओला होता, पण त्याने पाणी अडवून धरलं होतं. आतल्या खोक्याला नुसता दमटपणा लागला होता. आणि त्याच्या आतली पिशवी बाहेरून गार, ओली, पण उजेडात धरली तर आत एक थेंब नाही. मी ती उघडायला गेले तर त्याने हात धरला.

“आता उघडलीस तर बाहेरची गरम हवा आत जाईल आणि गार डिस्कवर पाणी धरेल. तिला हळूहळू कोमट होऊ दे. एसी बंद करा रे!”

मे महिन्यात, अंधेरीत, बंद खिडक्यांच्या खोलीत आम्ही त्या पिशवीभोवती घाम पुसत बसलो. मी मनातल्या मनात त्या दुकानाला सांगितलं, ही जगली तर तुम्हाला असा रिव्ह्यू लिहीन की तुम्ही फ्रेम करून लावाल. एडिटरने मधे मधे पिशवीवर हात ठेवून बघितलं, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. शेवटी म्हणाला, “चल, लावू या.”

डिस्क फिरायला लागल्याचा तो बारीक घूं आवाज मला अजून आठवतो. टक् टक् नाही, नुसता घूं. मग पडद्यावर त्या बाई आल्या, दारात उभ्या, डोळे भरलेले. मी तिथेच रडले. एडिटरने सगळं उतरवून घेतलं, मॅनेजरला फोन लावला आणि म्हणाला, “पोचली. सगळं व्यवस्थित आहे. आणि पोरीला पक्की करा आता.” मग मला म्हणाला, “यापुढे ह्याच दुकानातून मागव.” बर्फाचा विषय त्याने काढलाच नाही.

परत वर्सोव्याला आले तेव्हा संध्याकाळच्या बोटीला गर्दी व्हायला लागली होती. आई एरवी तोपर्यंत घरी गेलेली असते. ती जेट्टीवर आपल्या पेटीवर बसलेली होती, हात मांडीत. मला बघून उठली, पण जवळ आली नाही.

“जगली काय गो?”

“जगली, आये.”

तिने मोठा श्वास सोडला. चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. “बगितलास? बर्फान जगली ती!”

मी हसले आणि तिची पेटी उचलायला वाकले. जड लागली. काहीच विकलं नव्हतं. झाकण काढलं तर तळाला कोमट पाणी आणि त्यात पापलेटं, डोळे आत गेलेली, अंग मऊ पडलेली. बर्फाचा खडासुद्धा नाही.

“बर्फ कुठाय तुझा?”

“फॅक्टरीन लाइट गेलती. थोराच आयला, वाटून वाटून घेतला.”

“आणि तो सगळा माझ्या पेटीत घातलास?”

तिने पदराने तोंड पुसलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असं तिला वाटलं असावं. “म्हावरा उंद्या परत गावंल,” ती म्हणाली. “तुजा ता परत गावाचा नाय. तूच बोल्लीस ना फोनवर.”

बोट लागली. या वेळी दोन्ही पेट्या मी उचलल्या. पुढच्या आठवड्यात नोकरी पक्की झाली, आणि त्या दुकानाला मी कबूल केल्याप्रमाणे लांबलचक रिव्ह्यू लिहिला. त्यात फोम लिहिला, चंदेरी पिशवी लिहिली, खोक्याच्या आतलं खोकं लिहिलं. आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही. डिस्क बर्फानेच वाचली असं ती जेट्टीवर सगळ्यांना सांगते, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते.